सत्तेचाळीस आणि शेहेचाळीस

टिकटिकने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि तिला सगळं जग दोन-दोन दिसलं.

दोन जांभळी वर्तुळं, दोन गुलाबी आणि मधे एक काळाकुट्ट पट्टा! तिने डोळे चोळले. पुन्हा लावले. तेच. मग तिच्या लक्षात आलं, की कुणीतरी तिच्या सूक्ष्मदर्शकाच्या दोन्ही नळ्या एकमेकींपासून पार लांब सरकवून ठेवल्या होत्या. आणि खुर्ची? ती इतकी खाली गेली होती, की तिची हनुवटी टेबलाला टेकायची तेवढी बाकी होती.

"माझ्या जागेवर कोण रेडा येऊन बसला होता?" ती ओरडली.

"रेडा नाही," मोठ्या कपाटामागून आवाज आला. "मघाशी खालच्या शिपायाने उंट म्हटलं मला."

आणि कपाटामागे एक माणूस उलगडत उभा राहिला. हो, उलगडतच! आधी डोकं दिसलं, मग मान, मग आणखी मान. टिकटिकला वाटलं, हा आता छताला धडकणार.

"माझ्या डोळ्यांतलं अंतर अठ्ठावन्न मिलिमीटर आहे," ती नळ्या सरकवत म्हणाली. "तुम्ही ते किती केलं होतंत?"

"सत्तर."

"सत्तर! डोळे आहेत की कान?"

"चुकलंच माझं. मला वाटलं, हीच माझी जागा. माझी कपाटापलीकडे आहे हे नंतर कळलं." तो दोन पावलं पुढे आला, जरा वाकला. "पण एक विचारू? अठ्ठावन्न म्हणजे फारच जवळ झालं हो. मधे नाक कसं काय मावतं?"

तिला राग येणार होता. अगदी ओठांवर आला होता. पण त्याच्या आधी हसू आलं, आणि एकदा हसू आधी आलं की रागाला कोण विचारतो?

आता ही दोघं तिथे करत काय होती, ते सांगायलाच हवं. तुम्ही हसणार, पण तिथे डुकराच्या पिल्लांची मूत्रपिंडं मोजली जात होती. लांबी-रुंदी नव्हे, आतलं. मूत्रपिंडात रक्त गाळणारे इवले-इवले गोळे असतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्या गुंडाळून बनलेले, अगदी लोकरीच्या गुंड्यासारखे. म्हणून त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना गुंडेच म्हणत. मूत्रपिंड मेणात बसवून त्याचे कागदाहून पातळ काप काढणारे एक मेणकाका होते. ते रोज सकाळी विचारायचे, "काय गं टिकटिक, काल किती गुंडे पकडलेस?" आणि स्वतःच खो-खो हसायचे. रोज. तोच विनोद. तेवढंच हसू.

तर या गुंड्यांचं असं असतं, की ते आयुष्याच्या अगदी सुरुवातीलाच तयार होतात. पिल्लू जन्मून दोन-तीन आठवडे झाले, की कारखाना बंद! पुढे ते पिल्लू हत्तीएवढं झालं तरी नवा एक मिळत नाही, आहेत त्यांच्यावरच जन्मभर भागवायचं. मग जी पिल्लं दिवस भरायच्या आधीच जन्मतात, त्यांच्या वाट्याला गुंडे कमी येतात का? हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना शोधायचं होतं. कारण जे पिल्लाचं तेच थोड्याफार फरकाने माणसाच्या बाळाचं. गुरांच्या डॉक्टरांनी जगू न शकलेल्या चोवीस पिल्लांची मूत्रपिंडं पाठवली होती. काही वेळेआधी जन्मलेली, काही वेळेवर. कुठलं कोणतं, ती यादी मॅडमच्या कपाटात बंद. म्हणजे मोजणाऱ्याचं मन इकडे-तिकडे झुकायला नको.

चोवीस पिल्लं, चोवीस पेट्या, प्रत्येक पेटीत काप चिकटवलेल्या बारा काचपट्ट्या. आणि मोजणारे दोन! कारण एकाचे डोळे फसतात. आधी टिकटिकने पेटी मोजायची, मग पेटी कपाटापलीकडे जायची आणि उंटाने तीच नव्याने मोजायची, पहिल्याला किती आले ते न कळता.

"हवेबद्दल बोला, सिनेमाबद्दल बोला, वाटलं तर एकमेकांच्या लग्नाबद्दल बोला," मॅडमनी पहिल्याच दिवशी उंटाला सांगितलं होतं. "आकड्यांबद्दल चकार शब्द नाही. तुमचे आकडे जुळले पाहिजेत, पण तुम्ही ते जुळवायचे नाहीत."

टिकटिक हे नाव तिला मिळालं होतं तिच्या हातातल्या मोजणीयंत्रावरून. मुठीत मावेल एवढं ते, अंगठ्याने दाबलं की टिक् आणि आकडा एकने पुढे. पट्टी संपली की त्याच्या बाजूची कळ पिळायची, की आकडा शून्यावर. त्या कळीला ती कान म्हणायची. "कान पिळल्याशिवाय हा शुद्धीवर येत नाही," असं सांगायची. खरं नाव तिचं फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं.

आणि त्या टिकटिकचं एक स्वप्न होतं. लांबच्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या संशोधनासाठी एकच जागा होती. मॅडमनी म्हटलं होतं, "ही मोजणी नीट पार पाड. मी स्वतः तुझ्यासाठी पत्र लिहीन." मॅडम कुणासाठी पत्र लिहीत नसत. म्हणजे ते पत्र मिळालं, की जागा मिळालीच समजा!

पहिल्या शुक्रवारी मॅडमनी दोघांच्या बेरजा ताडून पाहिल्या. दहा टक्क्यांचा फरक चालणार होता. निघाला एकोणीस टक्के.

दुसऱ्या शुक्रवारी सतरा.

मॅडमचं दार अर्धं उघडं होतं आणि टिकटिकचे कान पूर्ण. "तुझ्याकडून कोवळे सुटताहेत," मॅडम म्हणत होत्या. "कडेला असतात ते, अर्धे घडलेले, फिकट. आणि आपल्याला हवेत तेच. पुढच्या शुक्रवारीही असंच झालं, तर मी दुसरं माणूस बघेन. तुझ्यावर राग नाही माझा. पण काम थांबवता येत नाही."

उंट बाहेर आला तेव्हा त्याची उंची चांगली वीतभर कमी झाली होती.

"फार बोलल्या?" तिने विचारलं.

"नाही. कमीच बोलल्या. तेच वाईट असतं." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर सकाळचं कोवळं ऊन होतं आणि त्यात त्याच्या पापण्या... जाऊ दे, पापण्यांचं वर्णन करत बसले तर गोष्ट राहील बाजूला. "तुला ते फिकट गुंडे दिसतात कसे गं?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

तिच्या जिभेवर आलं होतं, की चल, एक पट्टी लाव, मी दाखवते... पण नियम! पट्टीवर बोट ठेवून दाखवणं म्हणजे आकडाच सांगणं. "दिसतील," ती म्हणाली. "बघत राहिलं की दिसायला लागतात. मला महिना लागला होता."

"माझ्याकडे आठवडा आहे."

"मग सातपट बघ!"

"चारपट," तो म्हणाला. "महिन्यात आठवडे चार असतात. आणि म्हणे ही आमची मोजणारी!"

ती हसली. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि मग दोघांनीही एकदम दुसरीकडे बघितलं... हे दुसरीकडे बघणं जगात सगळ्यांना करता येतं, पण इतकं वाईट कुणालाच करता येत नसेल.

त्या सोमवारी टिकटिकच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दवाखान्यातून तिने फोन केला.

"ऐक ना, शुक्रवारचा माझा कागद टेबलावरच राहिलाय. सही केलेला. तो तेवढा माझ्या खणात टाकून कुलूप लावशील? न बघता हं! चावी खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीखाली असते."

"न बघता," तो म्हणाला. "डोळ्यांवर पट्टी बांधून जातो. कुंडी फुटली तर बोलू नकोस."

"आईला भूल देताहेत आणि तू मला हसवतोयस! नर्स बघायला लागल्या."

"बघू देत. आईंना सांग, उंटाने नमस्कार सांगितलाय."

"सांगते. म्हणजे ती भुलीशिवायच बेशुद्ध पडेल."

तिसऱ्या शुक्रवारी फरक निघाला दोन टक्के.

दोन! मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बेरीज केली. मेणकाकांनी उंटाच्या पाठीवर थाप मारली. त्यांचा हात जेमतेम त्याच्या कमरेच्या वर पोचला. आणि टिकटिकला काय झालं म्हणून सांगू! ती कपाटाआड गेली आणि तिथल्या तिथे तीन उड्या मारल्या.

चौथा शुक्रवार, तीन टक्के. पाचवा, दोन.

"ताई, तुझं काहीतरी झालंय," घरी धाकटी बहीण म्हणाली. "तू आरशात बघून हसतेस. आधी आरशात बघून फक्त दात बघायचीस."

"आमचे आकडे जुळतात," टिकटिक म्हणाली.

"शी! कुणाचं पत्रिकेतलं काही जुळतं, कुणाचे विचार जुळतात. तुमचे डुकरांचे आकडे जुळतात?"

"तुला नाही कळणार गं." ती उशीला मिठी मारून बसली. "एकाच पट्टीवर मी बघते आणि तो बघतो, वेगवेगळ्या दिवशी, आणि दोघांना तेच दिसतं. म्हणजे विचार कर. एखाद्याला तुझ्यासारखंच दिसणं! मला जे कोवळं वाटतं ते त्यालाही कोवळं वाटणं..."

धाकटीने तोंडावर हात ठेवून किंकाळी दाबली आणि पळत आईकडे गेली. आईने डोळ्यावरची हिरवी पट्टी जराशी वर करून विचारलं, "उंच आहे का गं?"

"उंच? आई, तो माणूस नाही, शिडी आहे!" टिकटिक आतून ओरडली.

हो, आणि तो सुधारलाही होता. आधी रोज अर्धा तास उशिरा यायचा, आता तिच्याही आधी येऊन बसलेला असायचा. ती आली की कपाटापलीकडून म्हणायचा, "आलं का घड्याळ?" ती म्हणायची, "जागा झाला का उंट?" मग दोघांची टिक् टिक् सुरू. मधे कपाट. अकरा वाजता चहा, मागच्या जिन्यावर. तो तीन पायऱ्या खाली बसायचा, तेव्हा कुठे त्यांचे डोळे एका रेषेत यायचे. तिच्या हाताला काचा साफ करायच्या औषधाचा वास यायचा आणि ती तो लपवायची. एकदा त्याने तिचा हात सहज हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "आता मला अत्तराच्या दुकानात नेलं तर चक्कर येईल. सवय याची झालीय."

हात त्याने लगेच सोडला नाही. तिनेही ओढला नाही.

एकोणिसाव्या पेटीची आठवी पट्टी तिने संपवली, त्या दुपारी तो कपाटापलीकडून हळूच म्हणाला, "टिकटिक..."

"काय?"

"शेवटची पेटी संपली ना, की मला तुला एक विचारायचंय."

"आत्ताच विचार."

"नाही. आत्ता विचारलं आणि तू नाही म्हणालीस, तर उरलेल्या पाच पेट्या मी कुणाचा आवाज ऐकत काढू?"

पुढची पट्टी तिने लावली, मोजली, आकडा लिहिला... आणि कसा लिहिला ते तिला विचारू नका. ती तेव्हा जमिनीवर नव्हतीच.

चोवीस पेट्या संपल्या. आठवडाभराने अर्ज जायचे होते. मॅडमनी दोघांचेही सगळे कागद मोहोरबंद पाकिटांतून काढून टिकटिकसमोर ठेवले. मॅडमनी आजवर फक्त बेरजा ताडल्या होत्या.

"मोजणी संपली, आता लपवाछपवी नाही. एकेका पट्टीचे तुझे आणि त्याचे आकडे शेजारी-शेजारी मांड. सोमवारी आपण यादी उघडू." आणि मग मॅडम चक्क हसल्या. "पत्राचा मसुदा झालाय. वाचायला देणार नाही, शेफारशील."

ती तक्ता मांडायला बसली. आधी स्वतःचा रकाना भरला. वीस, चोवीस, एकोणीस, बावीस... आणि एकोणिसाव्या पेटीपाशी तिचं पेन थांबलं. आठवी पट्टी, सव्वीस. नववी, सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस? एका पट्टीवर? असं कधीच होत नसे. ती उठली, पेटी काढली, नववी पट्टी लावली, मोजली. एकवीस. कोवळ्यांसकट एकवीस. सव्वीस आणि एकवीस किती होतात, हे सांगायला मोजणीयंत्र लागत नाही.

ती कान पिळायला विसरली होती! त्या दुपारी तो जे बोलला, त्यानंतर तिने यंत्र शून्यावर आणलंच नव्हतं. आधीच्या पट्टीचे सव्वीस तसेच राहिले आणि त्यावर हे चढले. तिचे कान तापले. मग तिने सुटकेचा श्वास सोडला. एवढ्यासाठीच तर दुसरा मोजणारा असतो! त्याच्या कागदावर वीस असतील, फार तर बावीस. ती मॅडमना सांगेल, चूक माझी, त्याचा आकडा बघा. आणि संध्याकाळी जिन्यावर त्यालाही सांगेल, की बघ, तुझ्यामुळे माझी मोजणी चुकली. म्हणजे त्याला विचारायचंय ते विचारावंच लागेल...

तिने त्याचा कागद ओढला. एकोणिसावी पेटी. नववी पट्टी.

शेहेचाळीस.

तिने पुन्हा वाचलं. त्याचं अक्षर नेहमीसारखं लांबुडकं होतं. शेहेचाळीस. तिच्याहून एक कमी. मग तिने वरची पट्टी पाहिली. तिचे सव्वीस, त्याचे सत्तावीस. त्याच्या वर तिचे बावीस, त्याचे एकवीस. कुठे एक कमी, कुठे एक जास्त, कुठे अगदी तेवढाच. तिसऱ्या आठवड्यापासून शेवटपर्यंत सगळं असंच.

एक माणूस चुकून सत्तेचाळीस लिहू शकतो. पण दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या दिवशी, तीच चूक एकाने कमी होऊन दिसत नाही.

कोरफडीची कुंडी खिडकीत उन्हात बसली होती. रोज लवकर येणं. तिच्या आधी येऊन बसणं...

मागच्या जिन्यावर तो तीन पायऱ्या खाली बसून तिची वाट बघत होता. ती बसली नाही.

"एकोणिसाव्या पेटीची नववी पट्टी," ती म्हणाली. "त्यात किती गुंडे आहेत?"

त्याने मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. खोटं बोलायचा त्याने प्रयत्नही केला नाही. तिला वाटलं, निदान प्रयत्न तरी करायचा होता रे... म्हणजे मला अजून दोन मिनिटं मिळाली असती.

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

"एकही पेटी मोजली नाहीस?"

"सुरुवातीला मोजत होतो. तुझा आकडा बघून मग मोजायचो, तेवढे शोधायचा प्रयत्न करायचो. सापडायचे नाहीत. मग... मग नुसता टिक् टिक् करत बसायचो. तुला आवाज यावा म्हणून."

ती दचकली. म्हणजे तो आवाज! रोज कपाटापलीकडून येणारा, तिच्या आवाजाला साथ देणारा...

"का?"

"मला इथून काढलं असतं."

"दुसरीकडे काम मिळालं असतं तुला."

"काम मिळालं असतं," तो म्हणाला. "तू मिळाली नसतीस."

बघा, हेच वाक्य काल म्हटलं असतं तर ती जिन्यावरून तरंगत खाली गेली असती. आज ते तिच्या अंगावर गार पाण्यासारखं पडलं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो भराभर बोलू लागला. "हेच विचारणार होतो. आणि ते खरंय गं, ते कुठून बघून नाही लिहिलेलं. ऐक, एकच आकडा चुकलाय ना? तो दोन्ही कागदांवर बदलू. तुझे एकवीस, माझे वीस. बाकी तुझे आकडे बरोबरच आहेत, तू कधी चुकतेस? मॅडम खूश आहेत. तुझं पत्र तयार आहे. कुणाला कळणारही नाही."

आणि आता खरं सांगायचं, तर टिकटिकलाही मोह झाला. तिच्या डोळ्यांसमोर ते पत्र आलं. ती लांबची संस्था आली. आणि सुट्टीत तिला भेटायला येणारा, गाडीच्या दारात डोकं आपटून घेणारा हा उंटही आला. एक रबर आणि दोन आकडे! बास.

"तू कधी चुकतेस, म्हणे," ती शेवटी म्हणाली. "मी सत्तेचाळीस लिहिले, तर तू शेहेचाळीस लिहिलेस. मी सातशे लिहिले असते तर सहाशे नव्व्याण्णव लिहिले असतेस. आणि मी घरी उशीला मिठी मारून सांगत होते, की त्याला माझ्यासारखंच दिसतं! अरे, तू बघतच नव्हतास."

"मी तुझ्याकडे बघत होतो."

"मला माझ्याकडे बघणारा नको होता. पट्टीकडे बघणारा हवा होता. चोवीस पिल्लं होती ती. जगली नाहीत म्हणून आपल्याकडे आली. त्यांना कुणीतरी दोनदा बघायचं होतं, एवढंच तर काम होतं आपलं."

त्याच्या हातातला तिचा चहा थंड झाला होता, आणि तो अजून तसाच धरून बसला होता.

"उद्या सकाळी दहाला मी मॅडमना सांगणार आहे," ती म्हणाली. "त्याआधी तुला सांगायचं असलं, तर सांग."

घरी धाकटीने दारातच विचारलं, "विचारलं का त्याने, विचारलं का?" ताईचा चेहरा बघितला आणि काहीही न बोलता तिच्या हातातली पिशवी घेतली. आईने जेवायला हाक मारली नाही. ताट झाकून ठेवलं फक्त.

दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच तो मॅडमच्या खोलीत उभा होता. टिकटिक दारात पोचली तेव्हा तो म्हणत होता, "...तिला यातलं काही माहीत नाही. मी खणाचं कुलूप तारेने उघडायचो."

तार!

मॅडमनी टिकटिककडे पाहिलं. टेबलावर एक लांब पाकीट होतं, बंद केलेलं, वर त्या संस्थेचं नाव. तो तिच्याकडे बघत नव्हता, पण त्याची पाठ तिला सांगत होती, गप्प बस, एवढं तरी मला तुझ्यासाठी करू दे. आणि ती गप्प बसली असती तर झालंच होतं. त्याला जायचंच होतं, तिचं वाचलं असतं.

पण हाही आकडा त्याने तिच्या बाजूने झुकवूनच लिहिला होता, नाही का?

"तार नव्हती, मॅडम," टिकटिक म्हणाली. "चावी कुठे असते ते मी सांगितलं. आई दवाखान्यात होती त्या दिवशी. आणि नंतर मी तिची जागा बदलली नाही."

त्याने डोळे मिटून घेतले.

मॅडमनी ते पाकीट उचललं, खण उघडला आणि आत ठेवलं. फाडलं असतं तर बरं वाटलं असतं. नुसतं ठेवलं.

"या वर्षी मला हे पाठवता येणार नाही," त्या टिकटिकला म्हणाल्या. "मेणकाका सगळ्या पट्ट्यांना नवे क्रमांक लावतील. चोवीस पेट्या पुन्हा पहिल्यापासून. एकीकडून तू, दुसरीकडून मी स्वतः. चावी तुझ्या गळ्यात राहील." मग त्याच्याकडे वळून, "तू तुझं सामान घे."

सामान म्हणजे होतंच काय? एक पिशवी, एक पाण्याची बाटली आणि उंच माणसाची पाठ दुखू नये म्हणून आणलेली एक उशी. ती त्याच्यामागून जिना उतरून फाटकापर्यंत का गेली, हे तिलाही सांगता आलं नसतं. रस्त्यावर रहदारी होती, समोर कुणीतरी दुकानाचं शटर वर करत होतं, सगळ्यांची सकाळ नेहमीसारखी चालली होती.

"काल तू गेल्यावर मी वर जाऊन बसलो," तो म्हणाला. "ती नववी पट्टी लावली. दोन तास बघितली. एकेक कोपरा. कडेकडेनेही बघितलं, तू म्हणतेस ना, बघत राहिलं की दिसतात." तो थांबला. "अठरा आले. माझे माझे आले. बरोबर आहेत का गं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मला एवढंच सांग. मी आता मोजणारा नाही. सांगितलंस तरी नियम मोडत नाही."

"तू नाहीस," ती म्हणाली. "मी आहे अजून. ती पट्टी मला पुन्हा मोजायचीय."

त्याने मान हलवली. दोन-तीनदा हलवली, जणू पहिल्यांदा नीट हलली नव्हती. मग उशी काखेत मारून तो चालू लागला. गर्दीत इतरांची डोकी लगेच दिसेनाशी होतात. त्याचं मात्र पार चौकापर्यंत दिसत राहिलं... दिसत राहिलं, आणि मग वळलं.

त्याचे तीनच सुटले होते. तिन्ही कोवळे, तिन्ही उजव्या कडेला. ते नेमके कुठे आहेत हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे रोज असाच बसला असता, तर दिसले असते त्याला.